रिसर्च पेपर उघडायला गेलं की पैसे मागतात, काय करावं?

नाशिकला एम.एस्सी. करताय, हवा तो पेपर उघडायला गेलं की पस्तीस-चाळीस डॉलर मागतात, मग करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आधी एवढंच सांगते: पैसे भरू नका. तोच पेपर पुष्कळदा दुसरीकडे रीतसर मोकळा ठेवलेला असतो.

मागे दिंडोरीचा एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. ऑक्टोबर छाटणीनंतर घरच्या द्राक्षबागेवर डाऊनी रोग आलेला, प्रोजेक्टचा विषयही तोच. मोबाईलवर पेपरचा नुसता सारांश, खाली कुलूप. आम्ही पेपरचं पूर्ण नाव गूगल स्कॉलरवर टाकलं आणि त्याखालच्या सगळ्या आवृत्त्या उघडल्या. तिसरी लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर निघाली. जर्नलच्या मांडणीआधीची, लेखकानं स्वतः ठेवलेली प्रत. तक्ते सगळे शेवटी, पण मजकूर तोच. पोरानं उभ्याउभ्याच फवारणीचा तक्ता वाचायला घेतला.

संशोधनाला पैसा बहुतेक जनतेचा, लेख तपासणारे प्राध्यापक बहुधा फुकट राबणारे, आणि वाचणाऱ्यालाच दार बंद! हे मला मनापासून खटकतं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचे पेपर मोफत ठेवणारी आर्काइव्ह (arXiv) ही साइट सुरू केली, २००२ मध्ये संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं असं सांगणारा बुडापेस्टचा जाहीरनामा आला, म्हणून आज एवढं तरी मोकळं आहे.

पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या साइटवर बघा, शेतीचे कृषिकोश या साइटवर. प्रबंधातलं आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण आधी वाचा, पुढचे संदर्भ तिथेच सापडतात. तुमची संस्था सरकारी असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेतून सुमारे १३,००० जर्नल्स मिळू शकतात. ग्रंथपालांकडे लॉगिन मागा, संकोच करू नका.

इतिहासाच्या मुलांना तर मी आधी इंटरनेट आर्काइव्ह ही जुनी पुस्तकं मोफत वाचायला देणारी वेगळी साइट दाखवते. पांडवलेण्यांतल्या सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचं फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी केलेलं वाचन 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या ८व्या खंडात आहे, तो खंड तिथे अख्खा आहे. १८८३चं नाशिक गॅझेटिअरसुद्धा.

पुढेमागे स्वतःचा पेपर छापायचा झाला तर मात्र सांभाळा. 'ओपन ॲक्सेस' (वाचायला सगळ्यांना मोफत) म्हणत आठ दिवसांत छापून देतो, फी भरा, असा मेल आला की आधी ते जर्नल डीओएजे (DOAJ) या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या यादीत आहे का ते बघा. आमच्याकडच्या एका मुलीचे बारा हजार असेच गेले, आणि तो पेपर पुढे कुणी धरला नाही.

इतकं करूनही पेपर मिळाला नाही तर लेखकालाच मेल टाका. पेपरच्या पहिल्या पानावर बहुधा पत्ता असतो, सारांशासोबतही दिसतो. कुठे शिकता, पेपर कशासाठी हवा, दोन ओळी पुरतात. त्या दिंडोरीच्या मुलानं पुढच्या पेपरसाठी असाच मेल केला. चौथ्या दिवशी पेपर आला, सोबत मूळ नोंदींची एक्सेल फाइलही.