कसारा घाटातले गाडी उलटी फिरवण्याचे जुने स्थानक का बंद झाले?
नवा मार्ग काढून गाडीची दिशा बदलण्याची गरजच संपवल्यामुळे हे स्थानक बंद झाले. १८६५ साली लोहमार्ग घाट चढून इगतपुरीला पोहोचला, तेव्हा थेट चढण बांधणे अवघड असल्याने रूळ नागमोडी टाकले होते; अर्ध्या वाटेवर गाडी थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि मागचा डबा पुढचा होऊन उरलेला चढ सुरू होई. यात प्रत्येक गाडीचा वेळ जाई आणि वाहतूक वाढल्यावर हा खोळंबा परवडणारा नव्हता. मात्र चढाची तीव्रता तशीच राहिली: सदतीस फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला आजही गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. नाशिककरांनी जपावा असाच हा वारसा आहे.