नवी लेन्स नको, सोफियात उकिडवा बस

पदवी झाली, नोकरी लागेपर्यंत हातात वेळ आहे, तर नव्या लेन्सचं खूळ डोक्यातून काढ. आहे ती ५० मिमी पुरे; ती घेऊन बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात जा. अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलचे फोटो ढिगाने पडलेत; तू ‘क्लेक शॉप’कडे वळ. १९९०च्या दशकात लोकांनी तळघराच्या खिडक्यांतून दुकानं थाटली, गिऱ्हाईक फुटपाथवर उकिडवं बसून सिगारेट मागतं. तूही बस, कॅमेरा खिडकीच्या उंचीला आण. आधी परवानगी विचार मात्र, आणि तिथूनच पाण्याची बाटली घे. आत अंधार, बाहेर ऊन: एक्स्पोजर (प्रकाशाचं माप) दुकानदाराच्या चेहऱ्यावर धर, रस्ता पांढराफटक पडला तर पडू दे. पाऊस झाला की संसदेजवळच्या पिवळ्या फरसबंदीवर जा. झकास चमकते (घसरतेही!). ट्रायपॉड घरीच ठेव.