हीट पंप मधूनच गार हवा का सोडतो?

प्रश्न : आमच्या इमारतीत बाहेरची ताजी हवा हीट पंपाने (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या, एसीसारख्या यंत्राने) गरम होऊन आत येते. कडाक्याच्या थंडीत मात्र मधूनच पाचेक मिनिटं गार झोत येतो. यंत्र बिघडलं का?

उत्तर : बहुधा नाही. यंत्रातला फोर-वे व्हॉल्व्ह (चार तोंडांची झडप) रेफ्रिजरंटचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाचा, प्रवाह उलटवतो, म्हणून तुमची आतली कॉइल (रेफ्रिजरंटच्या नळ्यांचं वेटोळं) उन्हाळ्यात हवा थंड करते, हिवाळ्यात तापवते. थंडीत बाहेरची कॉइल ०° सेल्सिअसखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. तो बर्फ वितळवण्यासाठी यंत्र थोडा वेळ कूलिंगवर जातं, म्हणजे बाहेरची कॉइल तापते आणि आतली गार पडते. तोच तुमचा गार झोत. तेवढ्यापुरता पुरवठा पंखा (हवा आत सोडणारा) मंद करा, किंवा आतल्या कॉइलनंतर डक्टमध्ये (हवेच्या मार्गात) विजेचा हीटर बसवून घ्या. (खर्चिक, पण खात्रीचा.) हे वरचेवर होत असेल, तर बाहेरची कॉइल मळलीय का, सेन्सर सुटलाय का, रेफ्रिजरंट कमी झालाय का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.