नकोशी जमीन आणि दरवर्षीचा सारा

प्रश्न : वडिलांच्या पश्चात गावाकडच्या एका गटावर (गट क्रमांक असलेल्या जमिनीवर) आम्हा तिघा भावंडांची नावे लागली. तिथे कसणारे कोणी नाही, तरी सारा (जमीन महसूल) आणि त्यातल्या पडक्या घराची ग्रामपंचायतीची पट्टी चालूच आहे. भरणेच थांबवले तर जमीन आपोआप सरकारजमा होईल का?

उत्तर : नाही. सातबाऱ्यावर नाव आहे तोवर देणे तुमचेच. थकबाकी साचत जाते, मागणीची नोटीस येते आणि वसुलीसाठी तुमची इतर मालमत्ताही जप्त होऊ शकते. तेव्हा नाव कमी होईल असाच मार्ग धरा.

तिघांपैकी एकाला जमीन ठेवायची असेल तर बाकीच्यांनी आपला हिस्सा त्याच्या नावे सोडल्याचा दस्त, म्हणजे हक्कसोडपत्र, सर्वांत स्वस्त. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांमधल्या विनामोबदला हक्कसोडीला मुद्रांक 500 रुपयांचा लागतो. पण सह्या झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायलाच हवा. नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र इथे कुचकामी आहे, त्यावर फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) होत नाही. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बाहेरच्या माणसाच्या नावे मात्र हक्कसोड होत नाही. त्याला खरेदीखत किंवा बक्षीसपत्रच हवे.

विकायची तर आधी लगतच्या खातेदाराला विचारा. क्षेत्र तुकडेबंदीच्या (शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ न देणाऱ्या कायद्याच्या) प्रमाणापेक्षा कमी असेल, तर ते घेऊ शकणारा बहुधा तोच असतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार नको.

कोणीच घेत नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 55 खाली जमिनीचा शासनाकडे राजीनामा देता येतो. कृषी वर्ष सुरू होण्याच्या किमान 30 दिवस आधी तहसीलदारांना लेखी नोटीस द्यावी लागते. हे वर्ष, म्हणजेच महसुली वर्ष, 1 ऑगस्टला लागते, म्हणून जूनमध्येच अर्ज देऊन पोच घ्या. मुदत हुकली की आणखी वर्षभराचा सारा गळ्यात पडतो. सोडायचा तर अख्खा गट किंवा अख्खा पोटहिस्सा (गटाचा स्वतंत्र नोंदलेला भाग), त्यातला तुकडा नाही. म्हणजे तिघांच्याही सह्या हव्यात. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर राजीनाम्याने तो उतरत नाही, आधी फेडा. त्या जमिनीची वाट तुमच्याकडे उरलेल्या दुसऱ्या शेतातून जात असेल, तर पुढच्या धारकाला ती द्यावी लागते. मोबदला काहीच मिळत नाही, म्हणून हा उपाय अगदी शेवटी.

घराच्या पट्टीचा हिशेब वेगळा. सातबाऱ्यावरचे नाव गेले तरी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) वरचे आपोआप जात नाही. फेरफाराची प्रत जोडून तिथे स्वतंत्र अर्ज द्या.