'केअर'ला मराठीत काय म्हणावं? काळजी, शुश्रूषा की नुसतं 'करणं'?

अंबाजोगाईला बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय. तिला नर्सिंगमधल्या 'केअर'च्या सिद्धान्तांवर मराठीतून टिपण लिहायचंय. त्यात कुठं काळजी, कुठं सेवा, कुठं शुश्रूषा असं झालंय. मैत्रिणी म्हणतात, एकच शब्द धर आणि शेवटपर्यंत तोच ठेव. कोणता धरू?

ताई, एकच धरू नका. हे सिद्धान्त एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, मग त्यांना एकच शब्द कसा पुरेल?

आधी 'काळजी'. मराठीत हे नाम एकटं असलं की अर्थ लोंबकळत राहतो. तो ठरतो क्रियापदावर. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो. म्हणून तर डॉक्टर एका दमात 'काळजी करू नका, काळजी घ्या' म्हणतात आणि कुणालाच ते विचित्र वाटत नाही. ही जोडी फक्त आपल्याकडे नाही. इंग्रजीतल्या 'केअर'चं जुनं रूप दुःख, चिंता याच अर्थाचं होतं. आपल्या भागात उर्दू-दखनी बोलणारे आजाऱ्याजवळ राहण्याला 'तीमारदारी' म्हणतात. त्यातल्या फारसी 'तीमार'लाही दुःख आणि देखभाल हे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हा 'काळजी' लिहा, पण 'घेणे' सोडू नका. नर्सिंगच्या सिद्धान्तकार जीन वॉटसन यांच्या १९७९पासूनच्या मांडणीला 'मानवी काळजीचा सिद्धान्त' असं लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटावं की माणसाला चिंता का लागते, यावर काही आहे! 'माणसानं माणसाची काळजी घेणं' असं उलगडून लिहिलं तर ओळ लांबते, पण कळतं.

'शुश्रूषा' हा 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आलेला. जिज्ञासा, पिपासा यांच्यासारखंच इच्छा दाखवणारं रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून गुरूच्या शब्दात राहणं, गुरूची सेवा आणि मग आजाऱ्याची सेवा. नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावर हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी १९५२मध्ये पुस्तक लिहिलं. तो भाग लिहिताना हा शब्द चपखल बसेल. (आणि 'सुश्रुषा' लिहू नका. सुश्रुताचं नावही 'श्रु'वरूनच आलंय, त्यामुळे घोळ होतो.)

'सेवा' मात्र मी टाळेन. पगार, ड्युटी, परीक्षा, नोंदणी असलेल्या कामाला सेवा म्हटलं की त्यातलं शिक्षण झाकलं जातं आणि पुण्य तेवढं उरतं. त्याऐवजी 'परिचर्या' बरा. तो तरी कुठं निर्मळ आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'परिचर्यात्मक कर्म' शूद्राच्या वाट्याला दिलंय. पण चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाद सांगितलेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून परिचर्या करणारा. त्याचे गुण कोणते? उपचाराचं ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग, शुचिता. ज्ञान पहिलं आणि प्रेम तिसरं, हा क्रम मला आवडतो. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषद, अधिपरिचारिका हे शब्द कागदोपत्री रुळलेले आहेत. व्यवसायासाठी 'परिचर्या'च ठेवा.

आता खरा मुद्दा. तुमच्या घरात यातला एकही शब्द बोलला जात नसेल. आपल्याकडे बायका म्हणतात, 'लेकीनं आईचं लई केलं.' काय केलं? अंघोळ, वेणी, भरवणं, अंथरूण बदलणं, रात्री उठवून बसवणं. काय काय ते वेगळं सांगायची गरजच नाही, नुसत्या 'करणं'मध्ये सगळं आलं. डोरोथिया ओरेम यांचा १९७१च्या पुस्तकातला सिद्धान्त याच क्रियापदावर उभा राहतो. माणूस स्वतःचं स्वतः करत असतो, ते जेव्हा त्याला पुरं पडत नाही तेव्हा नर्स लागते. टिपणात याला 'स्व-काळजी' म्हणू नका. 'स्वतःची काळजी घे' हे आपण पोराला एसटीत बसवताना म्हणतो. 'आपलं आपण करणं' म्हणा.

ओरेम यांनी नर्सच्या मदतीचे तीन प्रकार केलेत. मराठीत त्यांना तीन क्रियापदं तयारच आहेत. बेशुद्ध रुग्णाचं सगळं आपणच करायचं, ते 'करणं'. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताला हात लावायचा, ते 'करू लागणं'. आणि मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन घ्यायला शिकवून बाजूला उभं राहायचं, ते 'करू देणं'. तिसरं सगळ्यात अवघड, कारण घरचे लोक करू देत नाहीत. 'राहू द्या, मीच करते' हे मायेचंच वाक्य, पण त्यानं आजारी माणूस खाटेला खिळून राहतो. व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या व्याख्येतही रुग्णाला लवकरात लवकर परत स्वावलंबी करण्यावर भर आहे. त्यांनी सांगितलेल्या १४ गरजांची यादी मात्र पाठ करून येत नाही, वॉर्डातच समजते.

मॅडेलिन लाइनिंगर यांच्यासाठी 'जपणं' घ्या. त्या संस्कृतीच्या अंगानं काळजीकडे पाहतात. काही चालीरीती जपायच्या, काहींत तडजोड करायची, काही बदलायच्या. बाळंतिणीचं उदाहरण लिहा. डिंकाचा लाडू खाऊ द्या. बाजेखालची शेगडी बंद खोलीत धूर करते, तिथं खिडकी उघडायला लावा. बाळाला मध चाटवणं मात्र बंदच, वर्षाच्या आत तो धोक्याचा असतो आणि पहिले सहा महिने आईचं दूधच पुरतं. हे सासूला सांगताना 'काळजी घ्या' म्हणून भागत नाही. 'बाळाला जपा, मध नका देऊ' म्हटलं की ती ऐकते, निदान पुढचं बोलू तरी देते.

टिपणाच्या शीर्षकात 'परिचर्येतील काळजी घेण्याचे सिद्धान्त' असं लिहा. आत प्रत्येक सिद्धान्ताला त्याचं त्याचं क्रियापद द्या.