लिफ्टमध्ये पर्सकडे गेलेला हात

"असले विचार माझ्या मनात येतातच कसे? मी मुळातच वाईट आहे का?" समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो आणि विचारणारी माणसं बहुधा मनापासून कळवळलेली असतात. तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी हेच विचारत आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस शिरला. पेहरावावरून तो एका विशिष्ट समाजाचा वाटला आणि तिचा हात आपोआप पर्सच्या चेनवर गेला. त्याने ते पाहिलं, नजर वळवली. त्याचं ते नजर वळवणं तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. "पुन्हा असा विचार करायचा नाही," असं तिने स्वतःला बजावलं आणि विचार उलट जास्तच येऊ लागले.

बजावल्यावर असंच होतं. 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं सांगितल्यावर तेच अस्वल मनात घिरट्या घालतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात दिसलं. दाबलेले पूर्वग्रहही नंतर जोराने उसळतात, हे नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये दाखवलं. म्हणून पहिलं काम दाबणं थांबवायचं. पहिला विचार ऐकीव असतो, लहानपणापासून कानावर पडून पडून मुरलेला. त्याची लाज बाळगण्यात शक्ती घालवू नये. त्याच्या पुढच्या क्षणी आपण काय करतो, ते मात्र आपल्या हातात असतं आणि तिथे सवलत नाही.

तिला चार रकान्यांची वही दिली: काय घडलं, मनात आलेलं पहिलं वाक्य जसंच्या तसं, ते वाक्य कुणाच्या आवाजात ऐकू येतं, आणि असं स्वतः किती वेळा पाहिलंय. पहिला आठवडा फुकट गेला. ती रात्री बसून लिहायची आणि तोवर वाक्य सभ्य होऊन जायचं, शिवाय खाली स्वतःला दूषणं. मग नियम केला: तासाभरात, दोन ओळींत, दूषणं न देता. नोंद अशी आली: "लिफ्ट. 'पर्स सांभाळ.' आत्या. शून्य." त्या शून्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

बहुतेक नोंदींत घरातलेच दोन-तीन आवाज होते, उरलेले मोबाईलमधले. म्हणून सात दिवस बातम्या आणि व्हिडिओ मोजायला सांगितले: त्या समाजाचा माणूस किती वेळा दिसला आणि कोणत्या भूमिकेत? बहुतेकदा गुन्ह्याच्या बातमीत. डॉक्टर, शेजारी, कुणाचे तरी बाबा अशा साध्या रूपात जवळजवळ नाहीच. जे चटकन आठवतं ते वारंवार घडत असावं, असा हिशेब मन करतं. टव्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये हीच गोष्ट मांडली होती. तिने ऑटोप्ले बंद केला, भडक चॅनेल काढले आणि त्या समाजातल्या, पण गणित, बागकाम अशा विषयांवर बोलणाऱ्या चार जणांना फॉलो केलं.

पुढची पायरी प्रत्यक्ष ओळखीची. इथे तिची चूक झाली. त्या समाजातल्या सहकाऱ्याला तिने "तुमच्यात असं का असतं?" असं विचारलं आणि तो आखडला. साहजिकच होतं, एका माणसाला अख्ख्या समाजाचा वकील करून उभं केलं होतं. अशा सहवासातून पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये चार अटी सांगितल्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांवर अवलंबून असलेलं काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा. पुढे एका प्रकल्पात दोघं बरोबरीने लागले. तिसऱ्या आठवड्यात तिच्या वहीत त्याच्याबद्दल नोंद होती ती त्याच्या वेंधळ्या फाइलनावांची.

घरच्यांचं काय, हा तिचा खरा दुखरा भाग होता. संस्कारांवर बोट ठेवणं म्हणजे कृतघ्नपणा, असं तिला वाटे. आत्याशी वाद घालू नकोस, चारचौघांत तर नाहीच, एवढंच सुचवलं. ती एकटी असताना फक्त विचारून बघ, "आत्या, तुला कधी असा अनुभव आला होता का?" आत्याने आठवून पाहिलं. मग म्हणाली, "मला नाही गं. माझी आई सांगायची."

अकराव्या आठवड्यातली नोंद: "लिफ्ट. हात गेला. खाली घेतला. 'कितवा मजला?' विचारलं. सहावा."