माझी गाडी आता डेपोत लावा

प्रश्न : ताई, सासऱ्यांबद्दल लिहितेय. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७८, एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी गणपतीनंतर सासूबाई गेल्या. तेव्हा अण्णा रडले नाहीत, उलट आल्यागेल्याला चहा विचारत होते. दिवाळीपासून पोटाचं सुरू झालं. साफ होत नाही, तोंडाला चव नाही, छातीत जड वाटतं. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार चालायचंच. पहाटे तीनला उठून ओटीवर बसतात. भिंतीवरच्या घड्याळाला दर सोमवारी चावी द्यायचे, तीही सोडली. परवा माझा मुलगा गमतीने म्हणाला, ‘अण्णा, पुढचा स्टॉप कुठला?’ पूर्वी असं विचारलं की वाईपासून स्वारगेटपर्यंत सगळी गावं म्हणून दाखवायचे. परवा म्हणाले, ‘माझी गाडी आता डेपोत लावा रे.’ पोरगा हसला, मला हसू आलं नाही. मनाच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर हे म्हणतात, ‘अण्णांना काय वेड लागलंय का?’
– एक सून, ता. वाई

उत्तर : बरं झालं तुला हसू आलं नाही. (तू म्हणतेय, चालेल ना? माझी थोरली सून तुझ्याच वयाची असेल.)

आधी पोटाचं. सरकारी दवाखान्यात माझ्या टेबलावर पाटी होती – ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’. तो कंस वाचून कितीतरी माणसं दारातूनच मागे फिरायची. शेवटी मी त्यावर कालनिर्णय टांगलं. पण जी आत यायची, त्यांतलं सत्तरीपुढचं माणूस ‘मला उदास वाटतं’ असं जवळजवळ कधीच म्हणायचं नाही. पोट साफ होत नाही, डोक्यात मुंग्या येतात, अंगात त्राण नाही, झोप मोडते, हे म्हणायचं. त्या पिढीला दुखणं अंगातच सांगता येतं. उदास हा पुस्तकातला शब्द. त्यांचा शब्द ‘करमत नाही’. म्हणून तूही तसंच विचार : अण्णा, करमतं का?

हे मला कळायलाही वेळ लागला, तेही स्वतःच्या घरात. माझे वडील गेले त्यानंतर आईला मी आठ महिने इसबगोल पाजत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं ऐकणारी मी! ओपीडीतल्या सिस्टर एकदा घरी आल्या. आईने नेहमीप्रमाणे पोटाचा पाढा वाचला. सिस्टरनी तिचा हात धरून एवढंच विचारलं, ‘आजी, करमतं का हो?’ आई जी रडायला लागली ती अर्धा तास.

पहाटे लवकर जाग येणं, भूक जाणं, आवडीची गोष्ट सुटणं, दुखण्याला तपासणीत काही न सापडणं, आणि हे सगळं महिनोन्‌महिने चालणं, याला वय म्हणत नाहीत. वयाने गुडघे दुखतात, घड्याळाची चावी सुटत नाही. दुःखाला मुदत नसते हे खरं, बायको गेल्यावर माणूस वर्षभर आतून हललेला असू शकतो. पण दुःखात माणूस तिची आठवण काढतो, रडतो आणि मधेच नातवावर हसतोही. अण्णांचं हसणं सुटलंय. नैराश्याची शंका घ्यायला एवढं पुरे, नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील.

आता ते डेपोचं वाक्य. ते तसंच सोडू नकोस. घरात कुणी नसेल अशा वेळी शेजारी बस आणि सरळ विचार : ‘अण्णा, परवा गाडी डेपोत लावा म्हणालात. जगायला नको असं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरेल अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ‘देवाने न्यावं’ एवढंच म्हणाले तरी डॉक्टरांना ते जसंच्या तसं सांगायचं. हो म्हणाले, तर त्यांना एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ते काहीही म्हणोत, आजच घरातल्या गोळ्या आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलपात टाक, किल्ली तुझ्याकडे. यात अविश्वास नाही. घरात रांगतं मूल असलं की आपण विळी वर ठेवतोच ना?

साताऱ्याला सिव्हिलमध्ये ने. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते. अण्णांना ‘मनाच्या डॉक्टरकडे’ म्हणून नेऊ नकोस, पण खोटंही बोलू नकोस. ‘झोपेचं आणि भुकेचं दाखवून येऊ’ हे खरंच आहे. आणि एसटीनेच ने. पंचाहत्तरीनंतर २०२२ पासून प्रवास फुकट आहे. जन्मभर ज्याने तिकिटं फाडली त्याच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट पडलं की काहीतरी बोलतीलच. कंडक्टर नवखा असेल तर दोन चुकाही काढतील. काढू देत.

जाताना बीपी-शुगरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने, नावं पाठ करत बसू नकोस. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ कधी तपासलं होतं का ते विचारतील, कारण यांतलं काहीही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. ऐकू कमी येतं का, तेही सांग. बहिरं माणूस गप्प होतं आणि घरातले म्हणतात, स्वभाव बदलला.

गोळ्या दिल्या तर थोड्या डोसवर सुरू करतील आणि हळूहळू वाढवतील. चार दिवसांत फरक दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी झोप आणि भूक जरा सुधारते, मन मोकळं व्हायला दीड-दोन महिने लागतात, वयस्कर माणसाला कधी त्याहून जास्त. माणसं हमखास दहाव्या दिवशी गोळी बंद करतात, ‘काही उपयोग नाही’ म्हणून. यांतल्या काही गोळ्यांनी वयस्करांच्या रक्तातलं सोडियम उतरतं. म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांत सोडियम तपासायचं का, हे डॉक्टरांना तू आपणहून विचार. आणि मधेच अण्णा एकाएकी बरळायला लागले, माणसं ओळखेनात, तर ते नैराश्य नव्हे. लघवीचा संसर्ग असो की सोडियम, ते त्याच दिवशी दाखवायचं.

तुझ्या नवऱ्याशी वेड या शब्दावरून वाद घालू नकोस. आईच्या माघारी बाप असा झालेला बघणं त्यालाही जड जात असेल. ‘बीपीचे डॉक्टर वेगळे, झोपेचे वेगळे’ एवढं म्हण आणि केसपेपर काढायला त्यालाच रांगेत उभा कर.

घरी एकच गोष्ट. ‘मन रमवा, फिरायला जा, जप करा’ ही यादी त्यांना कुणीही ऐकवायची नाही. येत्या सोमवारी स्टूल तू धर आणि म्हण, अण्णा, ही चावी मला किती फिरवायची कळत नाही. नाही उठले तर पुढच्या सोमवारी पुन्हा.

प्रश्न : मी ६९ वर्षांची, पुण्यात फ्लॅटमध्ये एकटी. मुलगा कॅनडात, रोज व्हिडिओ कॉल करतो. तरी दिवेलागणीला रडू येतं. चार वर्षं झोपेची अर्धी गोळी घेते, ओळखीचा केमिस्ट देतो. नुकतंच वाचलं की त्या गोळ्या वाईट असतात. आजपासून बंद करू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको! अचानक नाही. झोपेच्या अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन एकदम सोडल्या तर झोप पार उडते, हात थरथरतात, कधी फिट येते. डॉक्टरांच्या सांगण्याने काही आठवडे, कधी महिने घेऊन डोस उतरवायचा. पण सोडायला हवी, कारण रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं वर्ष अंथरुणात. आणि ती चिठ्ठीवाचून द्यायची गोळी नाही. केमिस्ट ओळखीचा असला म्हणून तो डॉक्टर होत नाही.

संध्याकाळचं रडू खरं आहे, मुलाचा कॉल त्याला पुरणार नाही. स्क्रीनवर तो तुम्हाला दिसतो, पण तुम्ही दार उघडायला उठत नाही. कुणीतरी दारात यायला हवं, किंवा तुम्हाला कुठेतरी जायला हवं. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा. पहिले दोन दिवस भाषणं आणि वाढदिवस ऐकून कंटाळाल. मीही कंटाळले होते. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात बसणाऱ्या बायकांचा कंपू सापडतो, आपलं काम त्यांच्याकडे. आणि झोपेच्या डॉक्टरांना रडण्याचंही सांगा. दोन्ही एकाच दोरीची टोकं असतील.

प्रश्न : १४४१६ आणि १४५६७ यांत फरक काय? रात्री दोनला कुठला लावायचा?
– एक आजोबा, नागपूर

उत्तर : रात्री दोनला १४४१६. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. मन, झोप, भीती, जीव नकोसा होणं, यासाठी ती. तुमच्याबद्दल काळजी वाटणारा घरातला माणूसही तिथे फोन करू शकतो (वाईच्या सूनबाई, हे तुलाही). १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन अडली, पोराने घराबाहेर काढलं, वृद्धाश्रमाची माहिती हवी, किंवा नुसतं बोलायचं असेल तरी तिथे.

दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह असतील तरी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवा. रात्री दोनला चष्मा सापडत नाही. पेन्सिलीने नको, मार्करने.